डोमेन कंट्रोलरसाठी विंडोज सर्व्हरची कोणती एडिशन घ्यावी? स्टँडर्ड, डेटासेंटर की इसेन्शियल्स

मी धाराशिव जिल्ह्यात पतसंस्था, दवाखाने आणि कॉलेजांच्या ऑफिसांत नेटवर्कची कामं करतो. नवीन सर्व्हर घ्यायचा ठरला की एक प्रश्न हमखास येतो: "कोटेशनमध्ये एक स्टँडर्डचं आहे, एक डेटासेंटरचं. किमतीत एवढा फरक का? आणि आपल्याला कोणतं लागेल?"

तुमच्यातले बरेच जण आज सगळं मोबाईलवर करतात. पण उद्या बीसीए, आयटीआय किंवा डिप्लोमा झाल्यावर एखाद्या ऑफिसात नोकरीला लागलात, की "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग हे कोटेशन बघ" असं म्हणून तो कागद तुमच्याच हातात येतो. तो कसा वाचायचा, ते या लेखात बघू.

थोडक्यात उत्तर

डोमेन कंट्रोलरचं काम स्टँडर्ड आणि डेटासेंटर या दोन्ही एडिशन सारखंच करतात. डेटासेंटर घेतलं म्हणून लॉगिन जलद होत नाही आणि सुरक्षाही वाढत नाही. त्यामुळे छोट्या आणि मध्यम ऑफिसाने स्टँडर्ड घ्यावं आणि वाचलेल्या पैशात दुसरा डोमेन कंट्रोलर, चांगला युपीएस आणि बॅकअपची सोय करावी. असं का, ते आता सविस्तर.

डोमेन कंट्रोलर म्हणजे नेमकं काय?

नवीन फोन घेतला की तुम्ही गुगल अकाउंटने लॉगिन करता आणि तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, ॲप सगळं परत येतं. फोन बदलला तरी ओळख तीच राहते, कारण ती फोनमध्ये नसून गुगलकडे ठेवलेली असते.

ऑफिसात हेच काम डोमेन कंट्रोलर करतो. कोण कर्मचारी आहे, त्याचा पासवर्ड काय, त्याला कोणतं फोल्डर उघडता येईल, कोणत्या प्रिंटरवर प्रिंट काढता येईल, पेन ड्राइव्ह लावता येईल का, या सगळ्याची नोंद त्याच्याकडे असते. या नोंदवहीला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. ती विंडोज 2000 सर्व्हरबरोबर आली आणि आजही तिचा पाया तोच आहे.

फायदा असा की क्लार्कची बदली कळंबहून भूमला झाली, तर तिथल्या कॉम्प्युटरवर तो आपल्याच नावाने बसू शकतो. कोणी नोकरी सोडली, तर एका जागी त्याचं खातं बंद केलं की सगळ्या शाखांत ते बंद होतं. तीस कॉम्प्युटरवर जाऊन तीस पासवर्ड बदलावे लागत नाहीत.

आधी हे विचारा: आपल्याला डोमेन लागतंच का?

पाच-सात कॉम्प्युटरचं दुकान असेल, सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल आणि मेल-फाइली गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असतील, तर स्वतःच्या डोमेन कंट्रोलरची गरज सहसा नसते. पूर्वी ॲझ्युअर एडी म्हणून ओळखली जाणारी आणि 2023 मध्ये एन्ट्रा आयडी असं नाव मिळालेली क्लाउड सेवा तेवढं काम करते.

डोमेन लागतं ते कधी? वीस-पंचवीसच्या वर कॉम्प्युटर असतील, लॅब असेल, ऑफिसातल्या सर्व्हरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा सामायिक फोल्डर असतील, किंवा इंटरनेट गेलं तरी काम चालू राहायला हवं असेल तेव्हा.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. विंडोज 10 किंवा 11 ची होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही. त्यासाठी प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ लागते. दुकानातून स्वस्तात आलेल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होमच असते. सर्व्हर येऊन बसतो आणि मग कळतं की निम्मी मशीन त्याला जोडताच येत नाहीत. म्हणून सर्व्हरच्या कोटेशनआधी ऑफिसातल्या मशीनची यादी करा.

तीन एडिशन, तीन गिऱ्हाइकं

इसेन्शियल्स: छोट्या ऑफिसासाठी. जास्तीत जास्त 25 वापरकर्ते आणि 50 उपकरणं. वेगळं कॅल लायसन्स लागत नाही, हा मोठा फायदा. अलीकडच्या आवृत्त्यांत ती सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनबरोबरच मिळते आणि एक प्रोसेसर, त्यात जास्तीत जास्त 10 कोअर एवढीच मुभा असते. डोमेन कंट्रोलर म्हणून वापरली तर ती डोमेनच्या मुळाशीच असावी लागते आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या पाचही मुख्य जबाबदाऱ्या तिच्याकडेच ठेवाव्या लागतात. म्हणजे दुसरा डोमेन कंट्रोलर इसेन्शियल्सचा घेऊन चालत नाही, तो स्टँडर्डचा घ्यावा लागतो.

स्टँडर्ड: लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजलं जातं. एका सर्व्हरला किमान 16 कोअरचं घ्यावंच लागतं, मशीनमध्ये 8 कोअर असले तरी. सगळे कोअर एकदा भरले की त्या मशीनवर विंडोज सर्व्हरच्या दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात.

डेटासेंटर: मोजणी तशीच कोअरवर, पण व्हर्च्युअल मशीन कितीही. शिवाय अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून सामायिक साठवण करणं, सॉफ्टवेअरने नेटवर्क उभं करणं अशा मोठ्या सोयी. यातली एकही सोय डोमेन कंट्रोलरला लागत नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हेही एका वाक्यात सांगतो. एकाच मोबाईलमध्ये 'ड्युअल ॲप' करून दोन व्हॉट्सॲप चालवता ना, तसं एकाच मोठ्या सर्व्हरमध्ये दोन-चार वेगवेगळे सर्व्हर चालवायचे, प्रत्येकाचं विंडोज वेगळं.

इथे एक बारीक नियम आहे. स्टँडर्डच्या दोन व्हर्च्युअल मशीनचा हक्क तेव्हाच पूर्ण मिळतो, जेव्हा खालचं मूळ विंडोज फक्त त्या दोन मशीन सांभाळतं. त्याच मूळ विंडोजवर फाइल शेअर किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकलं, तर वर एकाच व्हर्च्युअल मशीनचा हक्क उरतो. लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन या मोजणीत येत नाहीत.

किंमत आणि आकडेमोड

विंडोज सर्व्हर 2025 च्या 16 कोअरची मायक्रोसॉफ्टची अमेरिकेतली यादीतली किंमत अशी: स्टँडर्ड 1,176 डॉलर, डेटासेंटर 6,771 डॉलर. आपल्याकडे डीलर, सवलत आणि जीएसटीप्रमाणे रुपयांतला आकडा बदलतो. शाळा-कॉलेजांना शैक्षणिक दरही मिळतो. पण दोन्हींतलं प्रमाण लक्षात ठेवा: एका डेटासेंटरच्या पैशात पाच स्टँडर्ड येतात आणि वर थोडे पैसे उरतात.

जास्त व्हर्च्युअल मशीन हव्या असतील तर त्याच सर्व्हरवर स्टँडर्ड लायसन्स पुन्हा घेता येतं. प्रत्येक वेळी दोन मशीन वाढतात.

- 2 मशीन: 1,176 डॉलर
- 4 मशीन: 2,352 डॉलर
- 6 मशीन: 3,528 डॉलर
- 10 मशीन: 5,880 डॉलर
- 12 मशीन: 7,056 डॉलर

म्हणजे एका सर्व्हरवर दहापर्यंत विंडोज मशीन असतील तर स्टँडर्ड स्वस्त. अकराव्या मशीनपासून डेटासेंटर स्वस्त. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या ऑफिसात एका सर्व्हरवर अकरा विंडोज मशीन कशाला लागतील, हा प्रश्न कोटेशन देणाऱ्याला जरूर विचारा.

आता हिशेबासाठी एक पतसंस्था मनात धरू. मुख्य ऑफिस कळंबला, शाखा वाशी, भूम आणि येरमाळ्याला. कर्मचारी 38, कॉम्प्युटर 30. वापरकर्ते 25 च्या वर गेले, म्हणून इसेन्शियल्स बाद. उरले दोन मार्ग.

पहिला मार्ग: एकच दणकट सर्व्हर, त्यावर डेटासेंटर. त्यातच दोन डोमेन कंट्रोलर, फाइल सर्व्हर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. विंडोजचा खर्च 6,771 डॉलर.

दुसरा मार्ग: दोन मध्यम सर्व्हर, दोन्हीवर स्टँडर्ड. पहिल्यात एक डोमेन कंट्रोलर आणि फाइल सर्व्हर. दुसऱ्यात दुसरा डोमेन कंट्रोलर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. विंडोजचा खर्च 2,352 डॉलर.

पहिल्या मार्गात डोमेन कंट्रोलर कागदावर दोन आहेत, पण दोघं एकाच डब्यात. त्या डब्याचा मदरबोर्ड जळाला की दोन्ही एकदम गेले. दुसऱ्या मार्गात एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा लॉगिन देत राहतो. खर्च कमी आणि भरवसा जास्त. दुसरं मशीन घ्यायला पैसे लागतात हे खरं, पण लायसन्समध्ये वाचलेली रक्कम तिथेच कामी येते.

कॅल विसरू नका

स्टँडर्ड किंवा डेटासेंटर घेतलं की सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी वेगळं क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे कॅल, लागतं. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गायब असते. कॅल दोन प्रकारचं: माणसामागे किंवा उपकरणामागे.

- कॉलेजच्या लॅबमध्ये 30 कॉम्प्युटर आणि दिवसभरात येणारे 200 विद्यार्थी: उपकरणामागे घ्या, 30 पुरतात.
- एका डॉक्टरकडे ऑफिसचा कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि टॅब: माणसामागे घ्या, तिन्हींसाठी एकच पुरतं.
- आपल्या पतसंस्थेत माणसं 38 आणि मशीन 30: उपकरणामागे घेतलेलं परवडतं.

तुमच्या मोबाईलचा इथे काय संबंध? ऑफिसच्या वायफायवर आयपी पत्ता वाटायचं काम विंडोज सर्व्हरला दिलं, तर तो पत्ता घेणारा प्रत्येक फोनही सर्व्हर वापरतो असं मायक्रोसॉफ्ट मानतं आणि कॅल मागतं. म्हणून पाहुण्यांचं आणि कर्मचाऱ्यांच्या फोनचं वायफाय वेगळं ठेवा आणि तिथले पत्ते राउटरलाच वाटू द्या.

एडिशनइतकंच महत्त्वाचं: कोणत्या सालचा सर्व्हर?

- 2012 आर2: सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला. यावर अजून डोमेन कंट्रोलर चालू असेल तर बदलाची तयारी आजच सुरू करा.
- 2016: सपोर्ट 12 जानेवारी 2027 पर्यंत.
- 2019: 9 जानेवारी 2029 पर्यंत.
- 2022: 14 ऑक्टोबर 2031 पर्यंत.
- 2025: 2034 पर्यंत.

जुन्या डोमेनमध्ये 2025 चा डोमेन कंट्रोलर घालायचा असेल तर डोमेनची पातळी किमान 2016 ची लागते. म्हणजे 2012 आर2 चा एकही डोमेन कंट्रोलर शिल्लक असेल तर 2025 थेट आत येत नाही. आणि कॅलचं साल सर्व्हरच्या सालाइतकं किंवा त्यानंतरचं हवं. तुमच्याकडे 2022 चे कॅल असतील आणि डोमेन कंट्रोलर 2025 चा बसवला, तर कॅलही नव्याने घ्यावे लागतात. जुने कॅल आहेत का, हे कपाटातले कागद काढून बघा, मगच साल ठरवा.

दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर एवढा जोर का?

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन भिडलं होतं. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं कंटेनर टर्मिनलही अडकलं. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे कोणता कंटेनर कुठे आहे हेच कळेना.

मर्स्ककडे जगभरात जवळपास 150 डोमेन कंट्रोलर होते. सगळे एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून एक गेला तर दुसऱ्यावरून भरून काढू असा हिशेब होता. पण व्हायरसने ते सगळेच पुसून टाकले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. कारण काय? हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

तिथलं इंटरनेट इतकं हळू होतं की तो डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियात गेला, तिथे ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो विमानाने इंग्लंडला पोचला. मग 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने बसवले गेले. कंपनीने नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर सांगितलं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. दुसरा डोमेन कंट्रोलर यंत्र बिघडलं तर वाचवतो. पण व्हायरस आला किंवा कोणी चुकून खाती पुसली, तर तीच चूक दुसऱ्यावरही नक्कल होते. अशा वेळी वाचवतो तो नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप. दोन्ही हवेत. आणि या सगळ्यात एडिशन कोणती होती याने काडीचाही फरक पडला नसता.

आपल्या भागात बसवताना काय बघायचं?

वीज: उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं आणि पावसाळ्यात लाइट जाते. वीज अचानक गेली तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची फाइल खराब होऊ शकते. युपीएस असा घ्या की बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला स्वतःहून नीट बंद करायला सांगेल. नुसता इन्व्हर्टर हे करत नाही.

घड्याळ: कॉम्प्युटर आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडतं. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो, रात्री लाइट जाते आणि सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं. लोक पासवर्ड बदलत बसतात, खरं कारण शंभर रुपयांच्या आतला सेल असतो. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली वेळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहे. मुख्य डोमेन कंट्रोलर तिथे जोडा, बाकी मशीन त्याच्याकडून वेळ घेतात.

डीएनएस: डोमेनमधल्या कॉम्प्युटरला डीएनएस म्हणून दोन्ही डोमेन कंट्रोलरचे पत्ते द्या. दुसऱ्या जागी गुगलचा 8.8.8.8 टाकू नका, कारण त्याला तुमचं ऑफिस माहीत नसतं. लॉगिन कधी चालतं, कधी चालत नाही, असा विचित्र त्रास बऱ्याचदा यातूनच होतो.

शाखा: शाखेत सर्व्हरसाठी कुलूपबंद खोली नसेल तर तिथे फक्त वाचता येणारा डोमेन कंट्रोलर बसवा. ही सोय विंडोज सर्व्हर 2008 पासून आहे. तुम्ही परवानगी दिलेल्या खात्यांचेच पासवर्ड त्यात राहतात, त्यामुळे मशीन चोरीला गेलं तरी सगळ्या संस्थेचे पासवर्ड जात नाहीत.

बॅकअप: एक प्रत दुसऱ्या गावातल्या शाखेत, केबल काढून ठेवा. आणि तो ताजा ठेवा. नेहमीच्या सेटिंगमध्ये 180 दिवसांपेक्षा जुना बॅकअप डोमेन कंट्रोलर परत आणायला चालत नाही.

ट्रायल आणि क्रॅक

शिकण्यासाठी मायक्रोसॉफ्टची 180 दिवसांची ट्रायल मोफत मिळते, ती घरच्या कॉम्प्युटरवर जरूर चालवून बघा. पण ऑफिसचा खरा डोमेन कंट्रोलर तिच्यावर उभा करू नका. मुदत संपली की सर्व्हर दर तासाला बंद होतो. आणि एकदा डोमेन कंट्रोलर झाला की ट्रायलचं थेट पक्क्या लायसन्समध्ये रूपांतर करता येत नाही. नवीन सर्व्हर उभा करून सगळ्या जबाबदाऱ्या तिकडे हलवाव्या लागतात.

क्रॅकबद्दल एवढंच: ज्या मशीनमध्ये अख्ख्या संस्थेचे पासवर्ड आहेत, तिथे कोणीतरी अनोळखी माणसाने बनवलेली फाइल ॲडमिन म्हणून चालवायची, हे घराची किल्ली वाटसरूच्या हातात देण्यासारखं आहे.

बजेट अजिबात नसेल तर चोरीपेक्षा चांगला मार्ग आहे. लिनक्सवर चालणारं सांबा डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतं. लायसन्स नाही, कॅल नाही. फक्त ते सांभाळणारा माणूस जवळपास हवा. तो माणूस तुम्ही झालात तर जिल्ह्यात काम मिळत राहील.

कोटेशन हातात आलं की हे सहा प्रश्न विचारा

1. एडिशन आणि साल दोन्ही स्पष्ट लिहिलेत का?
2. किती कोअरचं लायसन्स आहे आणि मशीनमध्ये कोअर किती आहेत?
3. किती व्हर्च्युअल मशीन चालणार? अकरापेक्षा कमी असतील तर डेटासेंटर कशासाठी?
4. कॅल धरलेत का, कोणते आणि कोणत्या सालचे?
5. दुसरा डोमेन कंट्रोलर वेगळ्या मशीनवर आहे का?
6. बॅकअप कुठे राहणार आणि तो परत चालवून कोण दाखवणार?

पहिल्या चार प्रश्नांवरून पैसे बरोबर लावलेत का ते कळतं. शेवटच्या दोनांवरून सर्व्हर बंद पडलेल्या दिवशी पतसंस्थेचं काउंटर चालू राहील की नाही ते कळतं. एडिशनवर तासभर चर्चा होते आणि या दोन प्रश्नांवर पाच मिनिटंही जात नाहीत. तुम्ही मात्र कोटेशनवर सही होण्याआधी या दोन्हींची उत्तरं लेखी मागून घ्या.